वंशवादावरचे पुस्तक निवडताना : ब्रिटनमधल्या मराठी वाचकासाठी

2020 च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि पुढच्या काही आठवड्यांत ब्रिटनमधील वाचकांची वंशवादावरील पुस्तकांवर उडी पडली. रेनी एडो-लॉज यांचे 2017 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक त्या जूनमध्ये देशाच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय ब्रिटिश लेखिका ठरल्या. मी तेव्हा ज्या कचेरीत काम करत होतो तिथेही एक वाचनगट सुरू झाला. निवडलेले पुस्तक अमेरिकन होते. दुसऱ्या बैठकीत पडद्यावर क्षणभर शांतता पसरली आणि मग कोणीतरी अत्यंत आपुलकीने मला विचारले की, हे सगळे वाचताना तुम्हाला काय वाटले? माझी अडचण अशी होती की ते पुस्तक माझ्याशी बोलतच नव्हते. गोऱ्या वाचकाने आपल्या मनातील पूर्वग्रह कसे ओळखावेत आणि त्यांची लाज न बाळगता ते कसे दूर करावेत, हे सांगण्यासाठी ते लिहिलेले होते. नाशिकहून लेस्टरला आलेल्या, दुकानात पाठीमागून चालणाऱ्या रखवालदाराची सवय झालेल्या माणसाला त्यात करण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतरच्या काही वर्षांत मी या विषयावर बरेच वाचले, काही पुस्तके अर्ध्यावर सोडली, आणि निवडीची एक पद्धत हळूहळू बसवली. ती येथे क्रमाने मांडत आहे. अल्पसंख्य वाचकाची निवड बहुसंख्य वाचकापेक्षा वेगळी असावी लागते, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे असतात. दुकानातल्या टेबलावरची पुस्तके मात्र बहुतेक वेळा बहुसंख्य वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून मांडलेली असतात.

एक शब्दाची गोष्ट आधीच मिटवतो. मराठीत ‘वर्ण’ म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही, त्यामुळे ‘वर्णभेद’ म्हटले की दोन निरनिराळ्या व्यवस्था एकाच शब्दात मिसळतात. या लेखात मी ‘वंशवाद’ हा शब्द वापरतो. जातीचा प्रश्न पुढे स्वतंत्रपणे येईल, आणि तो यावाच लागेल.

आधी आपला प्रश्न कागदावर लिहावा

दुकानात किंवा ग्रंथालयात जाण्यापूर्वी आपल्याला हे पुस्तक कशासाठी हवे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘वंशवादाबद्दल वाचायचे आहे’ हे वाक्य निवडीला उपयोगी पडत नाही. ‘बढतीच्या वेळी माझ्याशी जे झाले त्याला काही नाव आहे का?’, ‘माझ्या आधी इथे आलेल्या हिंदी माणसांनी काय केले?’, ‘माझ्या मुलीला शाळेत जे ऐकावे लागले त्यावर तिच्याशी कसे बोलू?’, ‘माझा सहकारी म्हणतो की वंश ही जीवशास्त्रीय गोष्ट आहे, त्याला काय उत्तर देऊ?’ या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगळ्या कपाटांत आहेत: पहिल्याचे समाजशास्त्रात आणि कायद्यात, दुसऱ्याचे इतिहासात, तिसऱ्याचे बालसाहित्यात आणि चौथ्याचे विज्ञानात. माझ्या वाचनगटाने हा प्रश्न विचारलाच नव्हता. सर्वांनी एकच पुस्तक वाचायचे ठरल्यावर तो विचारण्याची सोयही उरत नाही.

लेखकाचा ‘वी’ मराठीत करून पाहावा

ही माझी सर्वांत उपयोगाची चाचणी आहे आणि ती मराठी माणसालाच विशेष सोपी आहे. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे. मराठीत ऐकणाऱ्याला सोबत घेणारा ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतला फरक चार वर्षांच्या मुलालाही कळतो. इंग्रजी लेखकाला हा फरक शब्दात दाखवावा लागत नाही, त्यामुळे तो कोणाला सोबत घेऊन चालला आहे हे वरवर वाचताना लक्षात येत नाही.

कृती अशी करावी. प्रस्तावना आणि पहिल्या प्रकरणाची पाच-सहा पाने घ्यावीत. विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर तेवढी पाने बहुधा फुकट चाळता येतात. जिथे जिथे ‘वी’ आणि ‘यू’ येतो तिथे पेन्सिलीने मराठी शब्द लिहावा. समजा वाक्य असे आहे: वंशाचा विषय निघाला की आपण अस्वस्थ होतो, कारण आपल्याला त्यावर बोलायची कधी वेळच आलेली नसते. येथे ‘आपण’ लिहिताना हात अडखळतो. ज्याला नाव सांगितल्यावर दरवेळी त्याचे स्पेलिंगही सांगावे लागते, त्याच्यावर ही वेळ रोज येते. म्हणजे या वाक्यातला ‘वी’ गोऱ्या वाचकाला कवेत घेणारा आहे आणि मी शेजारच्या टेबलावर बसून ते संभाषण ऐकतो आहे. असे संभाषण ऐकूही नये असे नाही. बहुसंख्य समाज स्वतःशी काय बोलतो हे कळणे कधी कधी फार उपयोगाचे असते. परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

दुसरा प्रकार ‘आम्ही’चा. लेखक अल्पसंख्य समाजातला असतो, पण गोऱ्या वाचकाला आपले दुःख समजावून सांगत असतो. प्रत्येक पदार्थाचे, प्रत्येक सणाचे, प्रत्येक नात्याचे वाक्यातच स्पष्टीकरण येऊ लागले की हा प्रकार ओळखावा. ‘आजी’ या शब्दानंतर लगेच स्वल्पविराम आणि ‘म्हणजे माझ्या आईची आई’ असे आले, तर ते वाक्य आपल्यासाठी लिहिलेले नाही. पेन्सिलीने लिहिलेला ‘आपण’ ज्यात पुष्कळदा सहज बसतो ते पुस्तक घरी आणावे. ‘द गुड इमिग्रंट’ हा 2016 चा निबंधसंग्रह मला या कसोटीवर पुष्कळ अंशी उतरलेला वाटला. वाचकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून तो काढला गेला आणि त्यात आशियाई, आफ्रिकी व इतर मुळांच्या 21 लेखकांचे निबंध आहेत. सर्व निबंध सारखे नाहीत. पण संग्रह असल्यामुळे न रुचलेला निबंध ओलांडून पुढे जाता येते, म्हणून पहिले पुस्तक म्हणून तो सोयीचा पडतो.

प्रकाशनवर्ष पाहावे, आणि त्या वर्षी ‘ब्लॅक’ या शब्दात कोण कोण येत होते हेही

ब्रिटनमध्ये 1970 आणि 1980 च्या दशकांत ‘ब्लॅक’ हा शब्द अनेक चळवळींनी राजकीय अर्थाने वापरला. वेस्ट इंडीजमधून आलेले, आफ्रिकेतून आलेले आणि भारत-पाकिस्तान-बांगलादेशातून आलेले असे सगळेच त्यात येत असत. 1979 मध्ये पश्चिम लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या आशियाई व आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांच्या संघटनेच्या नावात हा अर्थ आजही जिवंत आहे. पीटर फ्रायर यांच्या ‘स्टेइंग पॉवर’ या 1984 च्या इतिहासग्रंथाच्या उपशीर्षकात ‘ब्लॅक पीपल’ आहेत, आणि आतमध्ये हिंदी माणसेही आहेत. पुढे हा शब्द आफ्रिकी मुळांपुरता आक्रसत गेला. 1991 च्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी यांचे रकाने वेगळे होते. डेव्हिड ओलुसोगा यांच्या ‘ब्लॅक अँड ब्रिटिश’ या 2016 च्या इतिहासात हा शब्द आफ्रिका व कॅरिबियनशी नाते असलेल्या लोकांसाठीच आहे, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांनी तोच विषय हाती घेतला आहे. मात्र मुखपृष्ठावरचा शब्द पाहून ‘यात आपण असू’ असे धरून चालणाऱ्या वाचकाची पहिल्या पुस्तकात सोय होते आणि दुसऱ्यात निराशा होते.

मग पुस्तक उलटे धरून शेवटची सूची वाचावी

पाठीमागच्या मजकुरापेक्षा शेवटची विषयसूची अधिक प्रामाणिक असते, कारण ती विक्रीसाठी लिहिलेली नसते. ब्रिटनच्या वंशवादाचा सर्वसाधारण इतिहास म्हणवणारे पुस्तक असेल, तर मी सूचीत पाच नोंदी शोधतो: लास्कर, आया, नवरोजी, ग्रनविक आणि साउथॉल (पश्चिम लंडनमधली मोठी आशियाई वस्ती).

लास्कर म्हणजे ब्रिटिश जहाजांवरचे आशियाई खलाशी. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान डेकवर, आणि गोव्याचे ख्रिस्ती लोक स्वयंपाकघरात व प्रवाशांच्या दिमतीला, अशी ही मनुष्यबळाची वाटणी दीर्घकाळ चालली. 1925 मध्ये ब्रिटिश सरकारने ‘कलर्ड’ परदेशी खलाशांनी पोलिसांत नोंदणी करावी असा हुकूम काढला, आणि जवळ कागदपत्रे नसलेल्या, वस्तुतः ब्रिटिश प्रजाजन असलेल्या हिंदी खलाशांनाही तो लावला गेला. आया म्हणजे साहेबांची मुले सांभाळत बोटीने आलेल्या बायका. परतीची सोय न करताच त्यांच्यापैकी अनेकींना वाऱ्यावर सोडले जाई. पूर्व लंडनच्या हॅकनी भागात त्यांच्यासाठी जे वसतिगृह होते त्या इमारतीवर 2022 मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. दादाभाई नवरोजी 1892 मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून अवघ्या 5 मतांनी निवडून आले. त्याआधी 1888 मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिंबरोच्या सभेत त्यांना ‘ब्लॅक मॅन’ संबोधून ब्रिटिश मतदार अशा माणसाला निवडून देतील का, अशी शंका व्यक्त केली होती. ग्रनविक म्हणजे फोटो धुणारा कारखाना, जिथे जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने बहुतांशी आशियाई बायकांनी 1976 ते 1978 असा संप चालवला. हा कारखाना डॉलिस हिल स्थानकाजवळ होता. 1932 पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तूही डॉलिस हिल भागातच आहे, आणि गणपतीला त्या स्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते याची मला शंकाच आहे. मला स्वतःला ते आठ वर्षे ठाऊक नव्हते.

या पाचांपैकी एकही नोंद नसेल तर पुस्तक टाकाऊ ठरत नाही; पण ते सर्वसाधारण इतिहास नाही एवढे नक्की कळते. यांतल्या पहिल्या तीन नोंदी ठसठशीत हव्या असतील तर रोझिना व्हिसराम यांच्या 1986 च्या पुस्तकापासून सुरुवात करावी, ज्याच्या शीर्षकातच आया आणि लास्कर आहेत, आणि मग त्यांच्याच 2002 च्या विस्तृत ग्रंथाकडे जावे, ज्यात ब्रिटनमधील आशियाई लोकांचा 400 वर्षांचा इतिहास आहे. भाषा कोरडी आहे. माझ्या मते ते बरेच आहे. पानापानावर आपल्या भावना चेतवू न पाहणारे पुस्तक थकलेल्या माणसाला रात्री वाचता येते.

अमेरिकन पुस्तक घेण्याआधी

अमेरिकन पुस्तके अधिक छापली जातात, अधिक खपतात आणि म्हणून ब्रिटनमधल्या टेबलांवरही अधिक दिसतात. त्यांतला गुलामगिरीचा, नंतरच्या विभक्तीकरणाच्या कायद्यांचा आणि तुरुंगव्यवस्थेचा तपशील त्या देशाचा आहे. ब्रिटनचा वंशवाद साम्राज्यातून आला, आणि 1948 नंतर साम्राज्यातली माणसेच इकडे आली. कचेरीतल्या अन्यायाला नाव शोधणाऱ्याने अमेरिकन पुस्तकाऐवजी इथला कायदा समजावणारे पुस्तक घ्यावे: 1965, 1968 आणि 1976 चे वंशसंबंध कायदे आणि त्यांची जागा घेणारा 2010 चा समानता कायदा.

लेखकाची कातडी आणि लेखकाचे काम

लेखक आपल्यातला आहे का, हा प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला असू नये. वर उल्लेखलेले फ्रायर गोरे पत्रकार होते. 1948 च्या जूनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या स्थलांतरितांना घेऊन ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरीच्या धक्क्याला लागले तेव्हा ते ‘डेली वर्कर’ या वृत्तपत्राचे वार्ताहर म्हणून तिथे हजर होते, आणि छत्तीस वर्षांनी त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला. उलट बाजूने, आडनाव भारतीय आहे एवढ्यावर विश्वास टाकून घेतलेल्या काही पुस्तकांत मला ‘मेहनत केली की सगळे मिळते’ या एका वाक्याची तीनशे पाने मिळाली आहेत. लेखकाने कागदपत्रे पाहिली आहेत का, माणसांशी बोलला आहे का, आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा त्याने कुठे मांडला आहे का, हे तळटीपांवरून दहा मिनिटांत कळते.

विज्ञानाच्या पुस्तकांत ही तपासणी अधिक काटेकोर करावी, कारण वंशाचे जीवशास्त्र नव्या वेष्टनात पुन्हा पुन्हा बाजारात येते. मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे 85 टक्के विविधता एकेका जनसमूहाच्या आतच असते, हा रिचर्ड ल्युऑन्टिन यांचा 1972 चा निष्कर्ष पुस्तक सांगते का, आणि त्यावर पुढे झालेला वाद सांगते का, ते पाहावे. अँजेला सैनी यांचे ‘सुपीरिअर’ (2019) या बाबतीत भरवशाचे आणि वाचायला सोपे आहे. या इतिहासात एक मराठी नाव आहे, जे मी प्रत्येक नव्या पुस्तकाच्या सूचीत शोधतो. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ज्यांच्या सिद्धांतांचा पुढे नाझींनी वापर केला त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांची मोजमापे केली. युरोपीय कवटीची ठेवण वेगळी व श्रेष्ठ असल्याचे सिद्ध व्हावे अशी अपेक्षा होती. आलेली मापे त्या अपेक्षेच्या विरुद्ध होती आणि कर्वे यांनी प्रबंधात तसेच लिहिले. क्वचितच हे नाव सापडते; सापडले की मी ते पुस्तक बहुधा विकत घेतो.

वेदनेचे माप आपण ठरवावे

आत्मकथने आणि हिंसेच्या हकिकती एकापाठोपाठ एक वाचू नयेत. बहुसंख्य वाचकासाठी ती माहिती असते. आपल्याला त्यातला प्रसंग स्वतःच्या बसथांब्यावर दिसू लागतो. अशा पुस्तकाची प्रकरणांची नावे आधी पाहावीत, हल्ल्याचे वर्णन कुठे आहे ते शोधावे आणि ते पान वाचायचे की नाही हे दिवसाउजेडी ठरवावे. ज्यांना पुरावा हवा आहे पण भावनांचा मारा नको आहे, त्यांच्यासाठी मी एक वेगळी सूचना करतो: सरकारी अहवाल वाचावा. स्टीफन लॉरेन्स या तरुणाचा 22 एप्रिल 1993 रोजी दक्षिण-पूर्व लंडनमध्ये वांशिक द्वेषातून खून झाला. पोलिसांनी तपास कसा हाताळला यावरचा मॅकफर्सन अहवाल 1999 मध्ये आला, आणि त्यात संस्थात्मक वंशवादाची व्याख्या व 70 शिफारशी आहेत. अहवाल सर्वांना खुला आहे. कचेरीत ‘पण कोणी मुद्दाम तर काही केले नाही’ असे वाक्य आले की उपयोगी पडते ते ही व्याख्या वाचलेले असणे, कारण हेतू नसतानाही संस्था लोकांना समान वागणूक देण्यात कशी कमी पडते, हेच तिने मांडले आहे.

एक पुस्तक असे घ्यावे ज्यात ‘आपण’ दुसऱ्या बाजूला असू

ही पायरी अवघड आहे आणि ती मी माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे भारतात सवर्ण आणि ब्रिटनमध्ये अल्पसंख्य असलेल्यांसाठी लिहितो. दलित वाचकाला हे सांगायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले. 1946 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे निग्रो संघटनेने पाठवलेल्या अर्जाची प्रत मागितली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. वंश आणि जात यांची तुलना मराठीत दीडशे वर्षे चालू आहे. इंग्रजी टेबलावर ती नवी म्हणून मांडली जाते तेव्हा थोडे हसू येते. खुद्द ब्रिटनमध्ये जातीचा उल्लेख समानता कायद्यात स्पष्टपणे आणावा की नाही हा वाद अनेक वर्षे चालला, आणि 2018 मध्ये सरकारने तसा बदल न करता न्यायालयांवर विसंबायचे ठरवले. वंशवादावरची दहा पुस्तके वाचून त्यांत केवळ स्वतःवरचा अन्याय सापडत असेल तर अकरावे पुस्तक ‘गुलामगिरी’ असावे. ते मूळ मराठीतच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही देता येते.

मुलांसाठी निवडताना

ब्रिटनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 9,115 बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय, आशियाई वा अन्य अल्पसंख्य पात्र असलेली पुस्तके 4 टक्के होती, आणि असे पात्र मध्यवर्ती असलेली फक्त 1 टक्का. पुढील वर्षांत आकडे वाढले. तरी निवड करताना एक गोष्ट पाहावी: त्या पात्राला वंशवादाखेरीज दुसरी काही अडचण आहे का? हरवलेले मांजर, भांडलेली मैत्रीण, पोहण्याची भीती. सावळ्या मुलीच्या प्रत्येक पुस्तकात कोणीतरी तिच्या रंगावरून बोलणार असेल तर मुलगी एवढेच शिकेल की आपल्या रंगाच्या मुलींच्या आयुष्यात हेच घडते. माझा अंदाज असा की पाच पुस्तकांत असे एक पुरेसे आहे, आणि तेही शेजारी बसून वाचावे.

कुठून आणावे

1964 च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समधील सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक फुकट मिळते. शाखेत नसलेले पुस्तक दुसऱ्या शाखेतून मागवताना किरकोळ शुल्क पडू शकते. नव्या खरेदीची सूचना करण्याची सोय बऱ्याच ग्रंथालयांत असते आणि आपले लोक ती क्वचितच वापरतात. लंडनमध्ये असल्यास फिन्सबरी पार्कचे ‘न्यू बीकन बुक्स’ पाहावे; 1966 मध्ये जॉन ला रोझ आणि सारा व्हाइट यांनी ते सुरू केले. ब्रिक्स्टनच्या ‘ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज’मध्ये मूळ कागदपत्रेही आहेत.

व्हिसराम यांचे पहिले पुस्तक मी असेच ग्रंथालयातून मागवले. ते आठ दिवसांनी साठवणीच्या खोलीतून आले, आत जुन्या पद्धतीची तारखांच्या शिक्क्यांची पट्टी होती आणि तिच्यावर सगळे मिळून तीन शिक्के होते. वाचून परत करताना काउंटरवरच्या बाईंनी ते पुन्हा खाली पाठवायला बाजूला ठेवले. मी त्यांना ते वरच्या कपाटात ठेवता येईल का असे विचारले. त्या म्हणाल्या की सहा महिन्यांत आणखी दोघांनी मागितले तर ठेवू. वाचनगटातल्या दोघांना मी त्याच संध्याकाळी ग्रंथालयाचा दुवा पाठवला.